विचारायला काय जातं?

परदेशी विमानतळावरून एकट्याने निघालेल्या १५ वर्षांच्या मुलाला एकाच वेळी चार वयं असतात. तिकीट काढताना तो मोठा माणूस असतो, कारण विमान कंपन्यांच्या हिशेबी १२ वर्षं पूर्ण झाली की बालपण संपतं आणि भाडं पूर्ण लागतं. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी तोच पुन्हा लहान होतो आणि त्याच्याकडे आईवडिलांचं संमतिपत्र मागितलं जाऊ शकतं. पुढचं विमान चुकून रात्र काढायची वेळ आली, तर १८ पूर्ण नसलेल्याला बरीच हॉटेलं खोलीच देत नाहीत, म्हणजे तिथे तो जन्मलेलाच नसतो. चौथं वय त्याने स्वतःचं स्वतः ठरवलेलं असतं. ते साधारण ४० असतं. आणि चाळिशीतल्या, जग बघितलेल्या गृहस्थाने कुणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणाच की!

खरं तर अशांसाठी विमान कंपन्यांनी जादा पैसे घेऊन एक सोय ठेवलेली असते. साधारण ५ ते ११ या वयाला ती सक्तीची आणि पुढे १७ पर्यंत बहुतेक ठिकाणी ऐच्छिक. कंपनीचा माणूस मुलाला काउंटरवरून ताब्यात घेतो, विमानात पोचवतो आणि पलीकडे ओळखपत्र बघून, सही घेऊन हवाली करतो. हवाली म्हणजे फॉर्मवर नाव असेल त्याच्याच. फॉर्मवर काका आणि घ्यायला आली काकू, तर ‘अहो, याला मी मांडीवर खेळवलंय’ हा पुरावा धरत नाहीत. सगळी कागदपत्रं मुलाच्या गळ्यातल्या पाकिटात असतात आणि चिरंजीव नेमका इथेच मोडता घालतात. पाचवीतल्या पोरांसोबत गळ्यात पाकीट अडकवून रांगेत चालायचं? माझं मत विचाराल, तर पहिल्याच प्रवासात विमान बदलायचं असेल तेव्हा ही अब्रू गेलेली परवडते. फक्त कंपनीला तिकीट काढण्याआधी विचारा. विमान बदलण्याच्या प्रवासाला सगळ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत.

सोय नको असेल तर निदान दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या. मग पहिलं उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं, तरी मुलाला पुढे पाठवायची जबाबदारी कंपनीची राहते. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवणाऱ्या वडिलांची एक जमात आहे. त्यांच्या मुलाला मधल्या देशात बहुधा इमिग्रेशन ओलांडून बॅग काढावी लागते, पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर बॅग आतल्या बाजूला आणि मुलगा अलीकडे, अशी फाळणी होते. अमेरिकेत तर एकाच तिकिटावरही सर्वसाधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून बॅग काढून पुन्हा द्यावी लागते. आणि दिवसातलं शेवटचं विमान पुढच्या टप्प्याला ठेवू नका. का, ते हॉटेलांच्या बाबतीत वर आलंच आहे.

सिक्युरिटीत अडकायच्या वस्तू ठरलेल्या आहेत. पातळ, चिकट किंवा पसरणारं जे काही असेल ते बहुतेक विमानतळांवर अजून १०० मिलीच्याच डब्यांत लागतं आणि सगळे डबे मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजलं जातं ते डब्याचं माप, आतला माल नाही. २०० मिलीच्या बाटलीच्या तळाशी दोन चमचे हेअर जेल उरलं असलं, तरी बाटली जाते. त्यावर वाद घालणारा मुलगा गणिताच्या दृष्टीने बरोबर असतो आणि जेलच्या दृष्टीने पोरका होतो. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्याच बॅगेत हवी, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर ती प्रवाशांच्या डब्यात विझवता येते, खाली सामानाच्या कप्प्यात कोण जाणार? मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवरची, म्हणजे चालते, पण आकडे तिच्यावर वाचता येतील असे छापलेले हवेत. घासून पुसट झालेली बँक काढून घेतली, तर दाद मागायला जागा नसते.

आता घड्याळ. माझ्या मते निम्मी विमानं इथेच चुकतात. विमान उतरतं, मुलगा फ्लाइट मोड काढतो. रोमिंग घेतलेलं नसतं, म्हणून नेटवर्क नाही, म्हणून फोनवर अजून घरचीच वेळ. प्रवास पश्चिमेकडे असेल तर फोन पुढे असतो आणि मुलगा धापा टाकत तीन तास आधी रिकाम्या गेटवर पोचतो. त्याने काही बिघडत नाही. पूर्वेकडे असेल तर फोन मागे असतो. ‘अजून अडीच तास आहेत’ असं म्हणून तो एक सोयीची खुर्ची आणि प्लग शोधतो, आणि त्याचं विमान त्याच्या साक्षीने निघून जातं. उतरल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन हाताने बदलायचा, किंवा फोन खिशात घालून मोठ्या फलकावरचं घड्याळ बघायचं. दहा सेकंदांचं काम.

फलक बघताना शहराचं नाव वाचायचं नाही, फ्लाइट नंबर वाचायचा. एका शहराला तासाभरात तीन विमानं असू शकतात. शिवाय एकाच विमानाला भागीदार कंपन्यांचे चार-चार नंबर असतात आणि ते फलकावर आळीपाळीने येतात. आपला नंबर दिसला नाही, तर दोन मिनिटं तिथेच उभं राहायचं. बोर्डिंग पासवरच्या गेटवर विसंबू नका. तो पास कित्येक तासांपूर्वी छापलेला असतो आणि काही मोठ्या विमानतळांवर गेट शेवटच्या तासा-दीड तासातच जाहीर होतं. मग कळतं की ते दुसऱ्या इमारतीत आहे आणि मध्ये ट्रेन आहे. पासवर सुटायची वेळ ९ असेल, तर दार १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहून आधी. नाव पुकारतील या भरवशावर राहू नये. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता घोषणा जवळपास करतच नाहीत, आणि जिथे करतात तिथे कानांवर बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन असतात.

या सगळ्यावर एकच उपाय, विचारणं, आणि तोच नेमका होत नाही. समोर ट्रान्सफर डेस्क, डेस्कवर माणूस, माणसाला पगारच त्याचा, तरी चिरंजीव चुकीच्या टर्मिनलच्या टोकापर्यंत दीड किलोमीटर चालून येतील. इंग्रजीची भीती म्हणावी, तर व्याकरणाची गरजच नाही. बोर्डिंग पास पुढे धरायचा आणि ‘गेट?’ म्हणायचं. जगात कुठेही चालतं. आई घरून मेसेजवर मेसेज करत असते, पण विमानतळाचा फुकट वायफाय मोबाइलवर ओटीपी पाठवतो आणि रोमिंग नसलेल्या सिमवर तो येत नाही. अनेक ठिकाणी पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारं यंत्र असतं. ते कुठे आहे? विचारावं लागतं!

इमिग्रेशनला मात्र अधिकारी विचारतो आणि मुलाला बोलावं लागतं. किती दिवस, कुठे राहणार, घ्यायला कोण येणार. घरी जेवताना देतो ती उत्तरं, म्हणजे ‘हं’, ‘माहीत नाही’ आणि खांदे उडवणं, इथे उपयोगाची नाहीत. उतरायचा पत्ता आणि घ्यायला येणाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहिलेला असावा. फोनमध्ये ‘मामा’ नावाने सेव्ह केलेला नंबर चार टक्के बॅटरीवर काही सांगत नाही. संमतिपत्र दोघांच्याही सह्यांचं आणि शक्यतो नोटरी केलेलं द्या. पासपोर्टवरच्या फोटोत दहा वर्षांचा गोंडस मुलगा आणि समोर मिसरूड फुटलेला इसम, अशी जोडी असेल तर ती कागदं आणखीच कामाला येतात.

बॅगेच्या टॅगची पावती बोर्डिंग पासच्या किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवतात. दहा आकडी नंबर असतो आणि शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात; ती तीन अक्षरं काउंटरवरच वाचायची. मुलं ती पावती कचरा समजून फेकतात. बेल्ट थांबला आणि बॅग आली नाही, तर बाहेर पडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची. त्या तक्रारीत पहिली मागणी त्याच नंबराची असते.

आणि निघण्यापूर्वी एक ठरवून घ्या, की ‘पोचलो’ हा मेसेज नक्की कधी पाठवायचा. विमानाची चाकं टेकल्यावर, इमिग्रेशन झाल्यावर, बॅग मिळाल्यावर, की मामा दिसल्यावर? ठरवलं नाही तर तो चाकं टेकताच येतो. नंतरचे दोन तास इमिग्रेशनच्या रांगेत फोन बंद असतो आणि इकडे आई मामाला, मामा विमान कंपनीला आणि विमान कंपनी कुणाला तरी तिसऱ्यालाच विचारत असते.