"अगं, साधी सर्दीच तर आहे!"

आज लालबागला बारशाला गेले होते. बाळ दीड महिन्याचं. आमच्या एक काकू नाक पुसत आल्या, बाळाला पाळण्यातून उचललं आणि पटापट मुके घेतले. मी अडवलं तर म्हणाल्या, "अगं, साधी सर्दीच तर आहे!" ह्याच काकूंनी सकाळी ग्रुपवर 'नवा स्ट्रेन आलाय, मुलांना जपा' असा मेसेज टाकला होता. माझं डोकंच फिरलं.

माझी लेक अडीच महिन्यांची असताना आमच्याही घरात साधी सर्दीच होती. तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडलं. चौथ्या रात्री पोट उडायला लागलं, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा. टॅक्सीत मी नुसती तिच्या छातीकडे बघत होते. आरएसव्ही निघाला, म्हणजे मोठ्यांना साधी सर्दी देणारा पण तान्ह्यांच्या श्वासनळ्यांत उतरणारा विषाणू. नवऱ्याने विचारलं, "त्याचा प्रकार कुठला, ए की बी?" डॉक्टर म्हणाले, त्याने उपचार बदलत नाहीत; बाळ लहान आहे, श्वासनळ्या बारीक आहेत, त्या चिकट स्रावाने बुजल्यात. सासूबाई अँटिबायोटिक मागत होत्या, पण विषाणूवर ते चालत नाही. ऑक्सिजन, नाकातल्या नळीने दूध आणि वाट बघणं. सहा दिवस.

स्ट्रेनचा अभ्यास व्हायलाच हवा, मान्य. लस त्यातूनच येते. २०२३ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीसाठी गरोदर बाईला द्यायची लस आणि बाळाला एकच डोस पुरणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन, दोन्ही मंजूर झाली. पण २०२५च्या जानेवारीत एचएमपीव्ही ह्या असल्याच सर्दीच्या विषाणूच्या नावाने किती घाबरलो आपण! तो विषाणू २००१ सालीच सापडलेला. नावाला घाबरायचं आणि शिंकत शिंकत बाळ उचलायचं?

श्वास मोजा हो. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर लगेच दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, दूध सुटलं असेल, तर मोजतही बसू नका.

खूप बोलले मी काकूंना, सगळ्यांसमोर. त्यांचे डोळे भरले. माझ्या लेकीच्या त्या सहा दिवसांत डबा त्याच आणत होत्या, दोन्ही वेळ, लोकलच्या गर्दीतून. आणि आमच्या घरात ती सर्दी पहिल्यांदा मला झाली होती. शिंकत शिंकत मीच तिला पाजत होते, मास्क न लावता. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आत्ता बाळाच्या आईला फोन केला. श्वास ४२. झोपलंय. अजून आठवडाभर रोज मोज म्हटलंय. काकूंना उद्या फोन करते.