मोझेलची रीसलिंग सरसकट गोड नसते

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची ओळख तुमच्या लेखात छान करून दिलीत, पण तिथल्या रीसलिंगला (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) त्यात सरसकट 'गोड वाइन' म्हटलंय ते पटलं नाही. बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. ८-९ टक्के असेल तर द्राक्षातली थोडी साखर वाइनमध्ये राखलेली असते, १२ च्या आसपास असेल तर बहुधा कोरडीच, म्हणजे गोडवा नसलेली. आणि गोड असली तरी आंबटपणा इतका तरतरीत असतो की जिभेवर चिकटा राहत नाही.

तिथल्या मळ्यांतल्या पाटीच्या दगडाबद्दल (स्लेट) अजून वाचायला आवडलं असतं. दिवसभर तापलेला तो दगड रात्री वेलींना ऊब देतो, एवढ्या उत्तरेला द्राक्षं पिकायला त्याची मोठी मदत. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट या द्राक्षमळ्यात चढ ६५ अंशांपर्यंत जातो, तिथं तोडणी हातानंच! झणझणीत जेवणासोबत काबिनेट, म्हणजे हलक्या धाटणीची रीसलिंग, घेऊन बघाच.