‘मोठा जाळ केला की चिमणी साफ’? अजिबात नाही

थंडी पडू लागली की एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला तीन जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: घरातल्या फायरप्लेसची चिमणी साफ करायला माणूस बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात; महिन्यातून एकदा जाळ मोठा करा, काजळी आपोआप जळून जाते; जाळात बटाट्याची सालं किंवा मूठभर मीठ टाकलं तर उत्तमच; लाकूड वाळलेलं असेल तर तेवढंही करायला नको; आणि खोलीत धूर येत नाही ना, मग चिमणी ठणठणीत आहे असं समजा.

स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीशी याचा संबंध नाही. लाकूड जाळून ऊब घेतली जाते त्या घरांतल्या, छपराबाहेर निघणाऱ्या धुराड्याबद्दल हे आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण यावर विसंबून कुणी खरंच जाळ भडकवला तर घर पेटू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो मोठा जाळ. लाकूड कधीच पुरतं जळत नाही. धुराबरोबर पाण्याची वाफ आणि डांबरासारखी द्रव्यं वर चढतात. धुराड्याची आतली भिंत साधारण 120 अंश सेल्सिअसपेक्षा थंड असली की ती तिथे थिजून बसतात. हाच तो क्रिओसोट. सुरुवातीला तो भुसभुशीत असतो, ब्रशनं सहज झडतो. मग त्याचे खडबडीत पोपडे होतात. तरीही दुर्लक्ष झालं तर डांबर ओतून वाळवल्यासारखा चकचकीत थर तयार होतो. आमच्याकडे सफाईला आलेल्या माणसानं मला वाकायला लावून टॉर्च वर धरली होती, तेव्हा हा थर मी पाहिला. काळ्या काचेसारखा चमकत होता. त्याचा निघालेला एक तुकडा त्यानं बाहेर नेऊन चिमट्यात धरला आणि काडी लावली. तुकडा फुगत, काळाकुट्ट धूर ओकत बराच वेळ जळत राहिला.

‘काजळी जळून जाते’ हे म्हणणं खरं आहे. धोका आहे तो तिथेच. धुराड्याच्या आत लागलेल्या आगीचं तापमान 1000 अंशांच्या वर जाऊ शकतं. आतल्या मातीच्या नळ्यांना तडे जातात, सांध्यांतला चुना-सिमेंट निखळतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही साधा जाळ केलात तरी त्याची धग त्या फटींतून छपराच्या लाकडापर्यंत पोचते. कधी ही आग आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज करते. पण कितीतरी वेळा ती मंद जळते, घरातल्यांना पत्ताही लागत नाही, आणि पुढे तपासणीत तडकलेल्या नळ्या दिसल्यावरच ती लागून गेल्याचं समजतं.

सालं आणि मीठ यांवर फार बोलण्यासारखं नाही. ओल्या सालांनी जाळ उलट निवतो. मिठातली क्लोराइडं पोलादी नळीला गंजवतात. बाजारात क्रिओसोट सैल करणाऱ्या पावडरी आणि खास ओंडके मिळतात, त्यांचा थोडा उपयोग होतोही. पण सैल झालेले पोपडे वळणावर साचतात, ते हातानंच काढावे लागतात.

वाळलेल्या लाकडाचा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. त्यासाठी फोडलेलं लाकूड निदान सहा महिने, टणक जातीचं असेल तर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, वाऱ्याला रचून ठेवावं लागतं. पण स्टोव्हची हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेलं कोरडं लाकूडही भरपूर क्रिओसोट देतं. शिवाय वरची टोपी उडाली, पक्ष्यानं घरटं केलं, पाणी झिरपून विटा फुटल्या, तर त्यात लाकडाचा काय दोष?

धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं ताप येणार. घराबाहेर पडल्यावर बरं वाटू लागलं तर संशय पक्का धरावा. ऊब टिकावी म्हणून निखारे असतानाच धुराड्याची झडप बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारं यंत्र हवंच.

राहिला पैशांचा मुद्दा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं 211 क्रमांकाचं मानक वर्षातून एकदा तपासणी करायला सांगते. तपासणी, दरवेळी सफाई नव्हे. थर साधारण 3 मिलिमीटर झाला की सफाई करावी, चकचकीत थर दिसला तर त्याआधीही. या धंद्यात लुबाडणारे आहेत, हे मान्य. न बोलावता दारात येऊन स्वस्तात सफाई करून देतो म्हणणारा आणि अर्ध्या तासात ‘आतून सगळं कोसळलंय’ सांगणारा माणूस दिसला तर फोटो मागा, दुसऱ्याचं मत घ्या. चांगला माणूस खालून आणि छपरावरून दोन्हीकडून पाहतो, जमिनीवर चादरी अंथरतो, केलेल्या कामाचं लेखी टिपण देतो, विमा आहे का विचारलं तर चिडत नाही. स्वतः ब्रश फिरवायचा असेल तर मास्क लावूनच. काजळीचा आणि धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्येच दाखवला होता.

संदेश पाठवणाऱ्या तिघांपैकी एका मित्राला मी फोन केला. घर घेतल्यापासून त्यानं चिमणीत डोकावलेलंच नाही. घराचा मालक बदलला की आत कॅमेरा घालून तपासायचं असतं, हेही त्याला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे माणूस येतो आहे. तोवर काडी ओढू नकोस, असं त्याला बजावून ठेवलंय.