मेयोनीजचा उपाय

हँडबॉलच्या चेंडूला राळ लावतात, ही माहिती मला माझ्या नव्या जॅकेटकडून मिळाली. जॅकेट सेलमधलं होतं, पण म्हणून काय झालं? निम्म्या किमतीत मिळालेल्या वस्तूवर माणसाचा जीव दुप्पट असतो.

आम्ही आइंडहोवनला राहतो. ऑफिसमधल्या एकाने बेने-लीगच्या सामन्याचं तिकीट माझ्या गळ्यात मारलं. बेने-लीग म्हणजे बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या क्लबांची 2014 पासूनची सामाईक हँडबॉल लीग; हल्ली तिचं नाव सुपर हँडबॉल लीग, पण लोकांच्या तोंडी जुनंच. त्या गृहस्थांना स्वतःला नेमकं त्याच दिवशी सासूबाईंकडे जायचं होतं. असो.

जागा पहिल्या रांगेत. एक फटका खांबाला लागून उसळला आणि थेट माझ्या छातीवर आला. मी दोन्ही हातांनी कवटाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू परत दिला तेव्हा जॅकेटच्या समोरच्या भागावर पिवळट, चकचकीत, बशीएवढा डाग होता आणि माझी दहाही बोटं एकमेकांना सोडायला तयार नव्हती.

राळ कशासाठी, तर एका हातात चेंडू पकडून पळता यावं, वळता यावं म्हणून. बुटाच्या टाचेवर तिचा गोळा चिकटवून ठेवतात आणि खेळता खेळता बोटं पुसतात. नेदरलँड्समधल्या कित्येक हॉलमध्ये तिला बंदी आहे, कारण जमीन घासून घासून सफाईवाले मेटाकुटीला येतात. म्हणजे जमिनीची काळजी घेणारं कोणीतरी आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाचा विचार कोणत्याही नियमावलीत नाही.

"हलू नका," शेजारचे आजोबा म्हणाले.

गळ्यात क्लबचा मफलर, मांडीवर बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा कागदी द्रोण, वर मेयोनीजचा डोंगर. त्यांनी लाकडी काट्याने भरपूर मेयोनीज उचललं आणि माझ्या छातीवर थापलं. मग अंगठ्याने, गोल गोल, शांतपणे चोळायला सुरुवात केली.

"तेलानेच निघते. बेबी ऑइल उत्तम. आमच्या वेळी मार्गारिन असायचं."

आता मी कोकणातला. फणसाचा चीक खोबरेलाने जातो हे मला कोणी शिकवावं लागत नाही. तत्त्व मला शंभर टक्के मान्य होतं. पण आम्ही खोबरेल आपापल्या हाताला लावतो. पाहुण्याच्या छातीवर अंडं चोळत नाही.

"राहू द्या," मी म्हणालो.

"राहू दिलं तर वाळेल," म्हणाले आणि जोर वाढवला. शिवाय मध्येच त्याच काट्याने दोन फोडी खाल्ल्या.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "यंदा तुमचे जिंकतील का?"

"पहिले चार संघ शेवटी एका वीकेंडला भिडतात. त्यात जिंकला तो बेने-लीगचा विजेता."

"म्हणजे चॅम्पियन."

"छे! मग बेल्जियमवाले आपल्या घरी, आम्ही आमच्या. तिथे पुन्हा प्ले-ऑफ. ते जिंकलं की चॅम्पियन."

"मग ही लीग जिंकून मिळतं काय?"

पहिल्यांदाच त्यांचा अंगठा थांबला. बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. "सराव चांगला होतो," म्हणाले.

"अख्खा हिवाळा?"

"फार चांगला होतो."

मग त्यांची गाडी सुटलीच. सामन्यासाठी बोखोल्टला जायचं तर बेल्जियमच्या बोखोल्टला जा, जर्मनीतही एक बोखोल्ट आहे. त्यांचे साडू तिकडे पोहोचले होते आणि तिथे जेवून आले. लुक स्टाइन्स माहीत आहे का? आमच्या लिम्बुर्गचा पोरगा, लिम्बुर्ग लायन्स संघाकडून खेळायचा, एवढासा बुटका, आता पॅरिसच्या संघात! त्या उंचीचं माप दाखवायला त्यांनी मेयोनीजचा हात हवेत नेला आणि येताना माझ्या बाहीवर टेकवला.

रात्री आईचा फोन. सगळं सांगितलं. "हात लावला की फाउल ना त्यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, आई, 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, पहिल्याच वर्षी आपला महाराष्ट्र आयर्नमेन जिंकला. "कधी? इथे तर काही मिरवणूक नाही दिसली." तिचंही खरं. आपल्याकडे सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटच्या विजेत्याचा फ्लेक्स चौकात लागतो, आणि ही पोरं लीग जिंकून आली तरी रिक्षावाला ओळखत नाही. यात गंमत काही नाही, मला खरोखर वाईट वाटतं. पण जॅकेटचं जास्त वाटतं.

क्लबला मेल केला. उत्तर अत्यंत सभ्य: झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, खेळाच्या उत्साहात असं कधीकधी घडतं, सोबत बालगटाच्या उन्हाळी शिबिराचं माहितीपत्रक.

ड्रायक्लीनरच्या बाईंनी जॅकेट खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"राळ गेलेली आहे," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ गेली. कोणी काढली?"

मी सांगितलं.

"पण हा अंड्याचा डाग आहे ना, याची आम्ही हमी देत नाही." आणि पावती फाडली. बावीस युरो, आगाऊ.