‘मग गाडी चालवतं कोण?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नव्या गाडीबरोबरच्या आठ महिन्यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. गाडी आपणहून वेग राखते, लेनमध्ये राहते याचं मी तोंडभरून कौतुक केलं, पण त्यापायी चालवणाऱ्याचं लक्ष उडतं यावर एक ओळ लिहिली नाही, हा पहिला. एडासची (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांची) भलामण करायची आणि टचस्क्रीनला नावं ठेवायची हा दुटप्पीपणा, कारण दोन्ही एकाच आळसातून आलेली, हा दुसरा. आणि ३० वर्षं ड्रायव्हिंग शिकवणारे म्हणून तिसरा : अशा गाडीवर शिकलेल्यांना ‘मग गाडी चालवतं कोण?’ हा प्रश्न कधी पडणारच नाही.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. नुसता मान्य नाही, तो माझ्या अंगावरून गेलेला आहे.

तो लेख लिहून झाल्यानंतरची गोष्ट. चौपदरी रस्ता, दुपारची वेळ, क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) ९० वर लावलेला आणि गाडीला लेनच्या मधोमध ठेवणारी यंत्रणा, म्हणजे लेन सेंटरिंग, चालू. पुढे एक उंच, बंद बॉडीचा टेम्पो. त्याच्यापासूनचं अंतर गाडी स्वतःच राखत होती. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की माझा उजवा पाय पेडलवरून निघून खाली टेकला होता. टेम्पो एकदम बाजूच्या लेनमध्ये गेला आणि त्याच्याआड इतका वेळ न दिसलेला, रस्त्यातच बंद पडलेला ट्रक समोर आला. त्या क्षणी माझ्या गाडीनं वेग वाढवला. तिच्या हिशेबानं पुढचं वाहन हटलं होतं, वाट मोकळी झाली होती आणि टेम्पोमागे कमी झालेला वेग भरून काढायचा होता. मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. धोक्याचा इशारा वाजला तो माझा पाय पडल्यावर. थांबलो तेव्हा ट्रक आणि आमच्यामध्ये एक गाडी मावेल एवढी जागा उरली होती. शेजारी आई होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

घरी आल्यावर गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट छापलंय, की थांबलेल्या वाहनाला ही यंत्रणा प्रतिसाद देईलच असं नाही. कारणही समजण्यासारखं आहे. समोरच्या वस्तूचा आपल्या तुलनेतला वेग रडारला चांगला कळतो. पण रस्त्याकडेच्या पाट्या, दुभाजक, पुलाचे कठडे, वरून जाणारा पूल हे सगळंही स्थिरच असतं. ते सारं आपल्याच वेगानं आपल्याकडे येताना रडारला दिसतं. त्या प्रत्येकाला घाबरून गाडी भर वेगात ब्रेक मारू लागली, तर मागचा माणूस आपल्यावर आदळेल. म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंचे बरेचसे संकेत बाजूला टाकले जातात. काचेमागचा कॅमेरा जोडीला आल्यापासून यात सुधारणा झाली आहे, तरी पुढचं वाहन हटून त्याच्याआडून थांबलेलं वाहन उघडं पडणं हा अजूनही अवघड प्रसंग आहे. मी हे आधी वाचायला हवं होतं. आणि लेखात, ‘लांबच्या प्रवासातला थकवा कमी होतो’ या वाक्याच्या शेजारीच, लिहायला हवं होतं. आता तिथे भर घातली आहे.

तुम्ही लिहिलंत, ‘माणसाला काम नसलं की त्याचं ध्यान राहत नाही’. हे फार पूर्वी मोजून पाहिलं गेलंय. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश हवाई दलाचे लोक तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसायचे आणि त्यांच्या नजरेतून खुणा निसटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक साधं घड्याळ तयार केलं. काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढंच काम. १९४८मध्ये त्यानं निष्कर्ष छापले : पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या हुकवू लागतात. ही शिकलेली, निवडलेली माणसं होती, कामचुकार नव्हती. नुसतं पाहत राहणं हे माणसाच्या मेंदूला चालवण्यापेक्षा जड जातं. क्रूझ आणि लेन सेंटरिंग एकत्र चालू केलं, की आपण चालकाचे राखणदार होतो. काम हलकं झाल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात आपल्याला न जमणारं काम हाती येतं.

वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेनं शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. स्टीअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळणारी माझ्यासारखी गाडी दुसऱ्या पायरीवर येते आणि त्या पायरीवर जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ आहे : गाडी मी चालवतो. शोरूममध्ये चावी हातात देताना हे कुणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो. तासभर सीटच्या मागचा दिवा कुठल्या रंगाचा करता येतो ते दाखवलं. क्रूझला काय दिसत नाही, यावर एक मिनिटसुद्धा नाही.

त्या दिवसापासून क्रूझ चालू असताना माझा पाय ब्रेकच्या पुढ्यात असतो, खाली टेकलेला नाही. पुढच्या वाहनापासूनचं अंतर सगळ्यात मोठं ठेवतो. समोर उंच, पलीकडचं न दिसणारं वाहन आलं की क्रूझ काढतो. आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ लेन सेंटरिंग सलग वापरत नाही.

पण दुटप्पीपणाचा आरोप मी घेणार नाही. ‘एडास’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी कोंबल्या आहेत आणि तुमची-माझी अर्धी भांडणं तिथूनच उपजतात. एक जात गप्प बसून असते. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, आरशात न दिसणारं वाहन दाखवणारा दिवा, मागे घेताना आडव्या येणाऱ्या गाडीचा इशारा. चालवण्याचं सगळं काम माझ्याकडेच राहतं. मी चुकलो तरच ती पुढे येते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेमुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात साधारण निम्म्यावर आलेले दिसले. यातल्या कुणाला आळस म्हणायचं? जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, आजच्या इलेक्ट्रॉनिक रूपात, १९७८मध्ये बाजारात आलं. आज तुम्ही ते बंद करून शिकवत नसाल. दुसरी जात माझ्या हातातलं काम काढून घेते आणि राखण माझ्यावर सोपवते. तुमचा सगळा संताप त्या दुसऱ्या जातीवर आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

(क्रूझबद्दल एक मात्र सांगतो, कारण ‘ज्यांना चालवायचंच नाही त्यांनी शोधलेलं’ असं तुम्ही लिहिलंत. वेग स्थिर ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे जनक राल्फ टीटर लहानपणीच अंध झाले होते. त्यांना १९५०मध्ये पेटंट मिळालं. गाडीतले धक्के आणि हिसके ते कायम शेजारी बसून सोसत असणार. माझ्या आईलाही वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळतं, आणि एकसारख्या वेगाची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.)

आता पडदा, म्हणजे टचस्क्रीन. इथे मी एक शब्दही मागे घेत नाही.

एका संध्याकाळी पावसाची मोठी सर आली आणि दोन मिनिटांत पुढची काच आतून धुरकटली. जुन्या गाडीत मी न पाहता हात घातला असता : डावीकडून दुसरी गोल कळ, उजवीकडे फिरवायची, वरचं बटण दाबायचं. बोटांना ती जागा पाठ होती. या गाडीत पडद्यावर आधी नकाशा हटवायचा, मग हवेचं पान उघडायचं, मग काचेचं चित्र शोधायचं. रस्ता खडबडीत, बोट हलतं, शेजारचंच चित्र दाबलं जातं, पान बदलतं. ज्या क्षणी समोर पाहण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी गाडीनं मला बाजूला पाहायला लावलं. शेवटी इंडिकेटर देऊन कडेला थांबलो आणि मग काच पुसली.

१०० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत गाडी ५५ मीटरहून जास्त जाते. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा प्रशासनानं २०१३मध्ये कंपन्यांना सुचवलं, की पडद्यावरचं कुठलंही काम असं हवं की एकेक नजर दोन सेकंदांच्या वर जाऊ नये आणि सगळं मिळून १२ सेकंदांत उरकावं. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं २०२२मध्ये ११० च्या वेगात चाचणी घेतली : तापमान बदलणं, रेडिओ लावणं अशी चार साधी कामं. बटणांची १७ वर्षं जुनी व्होल्वो १० सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यात ती ३०६ मीटर गेली. पडद्याच्या नव्या गाड्यांपैकी सगळ्यात मागे पडलेलीला जवळपास ४५ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. चालकांना आधी गाडीची ओळख करून घेऊ दिली होती, तरीही.

म्हणून माझी कसोटी दोन्हीकडे एकच आहे : ही गोष्ट माझे डोळे रस्त्यावर ठेवते की तिथून उचलते? ब्लाइंड स्पॉटचा दिवा आरशातच लागतो, जिथे मी तसाही पाहणार असतो. नकाशा डोळ्यांसमोर आल्यानं मांडीवरचा फोन गेला, हाही पडद्याचा मोठा उपकार, आणि तो मी मूळ लेखातही मान्य केला होता. पण वायपर आणि काचेवरची हवा पानांच्या आत लपवणं ही रचनेतली चूक आहे, आणि ती चालकाच्या माथी मारू नये. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं २०२६पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हातानं चाचपता येणारी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

‘लेनचा इशारा बंद ठेवता, मग तो हवा कशाला?’ हेही विचारलंत. जुने पट्टे नीट न खोडता नवे मारलेत अशा रस्त्यावर तो चुकीच्या पट्ट्यावरून वाजतो आणि गाडी स्टीअरिंग ओढते. तिथे बंद, एरवी चालू.

राहिला तिसरा मुद्दा. ‘तुमच्या मुलीला याच गाडीवर शिकवणार का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. हो, शिकवणार. पहिले काही महिने क्रूझ आणि लेन सेंटरिंग बंद, पडदा फक्त नकाशापुरता. मागे घेताना आधी मान वळवायची, मग आरसे, कॅमेरा सगळ्यात शेवटी. कारण कॅमेऱ्यावर पावसाचा एक थेंब बसला की त्यातलं अर्धं जग पुसट होतं. आपोआप लागणारा ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून चालू राहील. हात बसल्यावर एका मोकळ्या रस्त्यावर तिला क्रूझ लावून देईन, पुढच्या गाडीच्या पलीकडे पाहायला सांगेन, आणि तो टेम्पो कुठे वळला होता, आजी कुठे बसली होती, तेही सांगेन. त्याआधीचे क्लच, गिअर आणि चढावरचं थांबणं तुम्ही जसं शिकवता तसंच शिकवायचं आहे. तुम्ही चढावर हँडब्रेक आधी सोडायला लावता की क्लच अर्धा आल्यावर, तेवढं जरूर लिहा.