नाव जुनं लावता तर मूठ पण जुनीच द्या ना

सकाळी सकाळी भाच्यानं व्हिडिओ पाठवला, मामा पहा, हाय पॉवर पिस्तूल पुन्हा नव्यानं येऊन राहिलं म्हणे. खरं का खोटं त्या बनवणाऱ्याईलेच माहीत, माझा चहा मात्र थंड झाला.

बेल्जियमच्या एफएन कंपनीचं पिस्तूल हे. ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन बंदूक-कारागिरानं हात घातला, तो १९२६ मध्ये वारला, मग एफएनच्याच सेव्ह नावाच्या कारागिरानं पुरं केलं अन् १९३५ मध्ये बाजारात आलं, १३ गोळ्यांचं. आपल्या फौजेतलं इशापूरच्या सरकारी कारखान्यातलं ९ एमएम म्हणजे तेच. आमचे बाबा फौजेच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीवर, हवालदार होते, रोज मोजून द्यायचं अन् मोजून घ्यायचं. त्याईच्या अंगठ्याच्या बेचक्यात पांढरा वण होता, मागचा घोडा चिमटा घेते ना, त्याचा.

रिटायर होऊन गावी आले अन् पहिलं काम काय, तर वखराचं रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा. वाढयाले तीनदा तासायले लावलं. "डोये मिटून हात टाकला का बोटं जागेवर बसली पाहिजे, त्या पिस्तुलासारखी." वाढई म्हणे, हवालदारसाहेब, वखर हाकायचं हाय का लढाई करायची हाय?

अन् हे शहाणे! २०२२ मध्ये एफएननं हेच नाव लावून नवं काढलं, १७ गोळ्या, जुनं मॅगझिन त्यात बसतच नाही, म्हणजे मूठ पण बदललीच. जुन्यात मॅगझिन काढलं की ट्रिगर दाबून काही होत नव्हतं, तेही काढून टाकलं. अरे मग नाव कायले लावता बावा? दुसरं ठेवा ना, कोण अडवते? आता पुन्हा कोणी काढणार असल तर आधी मूठ पहा म्हणा, गोळ्या मग मोजा.

बरं, नवं हात चावत नाही अन् ट्रिगर हलका झाला, हे मान्य. झालं समाधान?

आता कोणीतरी लिहीनच, तुले काय करायचं, ९ एमएमचं लायसन आपल्यासारख्याले भेटत नाही. नाही भेटत, अन् मले पाहिजे पण नाही. बाबांनी तरी कुठं घेतलं काही, डुकरं तूर लोळवून जायची तर रात्रभर डबा वाजवत बसायचे.

ते रुमणं अजून गोठ्यात आहे, आढ्याले खोचलेलं. वखर लोखंडी आलं, ट्रॅक्टर आला, त्याले कोणी हात लावत नाही. आत्ता हे टाईप करता करता उठून गेलो अन् डोळे मिटून हात टाकला. माझा पंजा बाबांपेक्षा मोठा आहे, तरी बोटं बसली.