'शेवटची मूळ संख्या' सापडली म्हणे!

"शास्त्रज्ञांना जगातली सर्वात मोठी मूळ संख्या सापडली, यापुढे मूळ संख्या नाही. सुपरकॉम्प्युटरने प्रत्येक संख्येने भागून खात्री केली. आता बँकांची सुरक्षा हिच्यावरच. पूर्ण वाचून दाखवा!" हा निरोप घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, तेव्हा लिहायला बसलो.

संख्या खरी आहे: 2 चा 136279841 वा घात, वजा 1. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांना ती सापडली. अंक 4,10,24,320. फक्त ती 'आजवर माहीत असलेल्यांत' सर्वात मोठी आहे. हे तीन शब्द फॉरवर्ड होता होता गळले.

मूळ संख्या संपत नाहीत हे ग्रीक गणिती युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. हाताशी असतील तेवढ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात 1 मिळवा. 2, 3, 5, 7, 11, 13 घेतल्या तर येतात 30031. ही स्वतः मूळ नाही (इथे भलेभले घसरतात). ती 59 गुणिले 509 आहे, पण हे दोघेही आपल्या यादीत नव्हतेच, कारण यादीतल्या कुणानंही भागलं तर बाकी 1 उरते. यादी कितीही वाढवा, कुणीतरी बाहेर राहतोच.

आणि पुढचं सोडा, मागचंही कुठे सापडलंय? 1 पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असते, हे रशियन गणिती चेबिशेव्हनं सिद्ध केलं. 2018 ची विक्रमी संख्याही 2 चा घात वजा 1 अशीच, तिच्यातला घातांक होता 82589933. तिथून इथवर पाच कोटींहून जास्त वेळा दुप्पट होते. म्हणजे मधे किमान पाच कोटी मूळ संख्या आहेत, आणि नवी सापडली त्या दिवशी त्यांतली एकही कुणाला माहीत नव्हती.

भागून पाहिलं, ही तर निव्वळ थाप. तसं करायला विश्वाचं वय पुरणार नाही. 2 चा घात वजा 1 अशा संख्या मूळ आहेत का, हे भागाकाराशिवाय ठरवायला लुकास-लेमर नावाची चाचणी आहे. ती 31 वर, म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1 वर, करून बघा. 4 पासून सुरुवात; वर्ग करायचा, 2 वजा करायचे, 31 ने भागून बाकी ठेवायची. 14. मग 194, बाकी 8. मग 62, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, 31 मूळ ठरली. घातांक 11 घेतला तर शून्य येत नाही, कारण 2047 म्हणजे 23 गुणिले 89.

सुपरकॉम्प्युटरही नव्हता, भाड्याचे ग्राफिक्स प्रोसेसर होते. पहिली चाहूल डब्लिनमधल्या यंत्राला लागली.

बँकेचं म्हणाल, तर माहिती गुप्त ठेवणाऱ्या नेहमीच्या आरएसए नावाच्या डिजिटल कुलपाला सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या लागतात, त्याही गुप्त. जी साऱ्या जगाला पाठ, तिची किल्ली कोण करेल?

राहिलं वाचून दाखवणं. सेकंदाला एक अंक म्हटला तर न झोपता जवळपास 475 दिवस. शेवटचा अंक मात्र आत्ताच सांगतो. 2 च्या घातांचे शेवटचे अंक 2, 4, 8, 6 असे फिरतात, आणि 136279841 ला 4 ने भागलं की बाकी 1. म्हणजे घाताच्या शेवटी 2, आणि वजा 1 केल्यावर 1.